इतर

सेमिनरी हिल्सच्या उतारावर, टीव्ही टॉवरच्या अलीकडे,
पांढऱ्या पट्ट्यावर आकडा रंगवून झाला: ४११८.
घेर एकशे सहा. उंची अंदाजे.
प्रकृती: बरी.
नावाशी येऊन बोट अडलं.

टॅबच्या यादीत बहात्तर नावं,
अंजन, अर्जुन, आंबा अशी रांगेनं,
आणि रांग संपल्यावर, पायरीवर बसवल्यासारखं,
इतर.

"इतर टाक अन् चाल पुढं," नखाते सर म्हणाले,
"दिवसाला दोनशे झाडं हायेत, डॉक्टरकी नाही करायची."
मी हाताला आली ती डहाळी मोडली
आणि रिकाम्या डब्यात ठेवली, पोळीच्या कप्प्यात.

रात्री खोलीवर पेपर पसरला.
झाडाला विचारायचे प्रश्न तसे ठरलेले,
कांदेपोह्यांना आलेल्या लोकांनी
मला विचारले होते तितकेच कोरडे.
पानं समोरासमोर की एकाआड एक?
एकाआड एक.
काटा? नाही.
चीक? मोडल्या जागी पांढरं काही आलं नाही.
एका देठावर दोन्हीकडून बारक्या फिकट पर्णिका,
मोजल्या, एकतीस.
पुन्हा मोजल्या, बत्तीस.
टोकाला एकटी कुणी नाही.
प्रत्येकीचं बूड तिरकं,
एका खांद्यावर पदर घसरल्यासारखं.

चिंच. चिंचच असणार.
एक पान चावलं.
आंबट नव्हतं.
जिभेवर आधी काहीच नाही, मग एकदम
नाकातून डोळ्यांपर्यंत चढलेलं काहीतरी.
प्रणिता कॉटवरून म्हणाली, "डोकं दुखतं का? बाम लावलास?"

पान ट्यूबलाइटसमोर धरलं.
सुईनं टोचावं तसे ठिपके,
प्रत्येक ठिपक्यातून ट्यूबलाइट.
हे मी पाहिलंय.
काटोलला, मामाच्या बगीच्यात, चौथीत असताना,
संत्र्याचं पान उन्हात धरून
मामानं दाखवलं होतं, वास कुठं राहतो ते.
म्हणजे हे संत्र्याच्या भाऊबंदकीतलं.
इतकं कळलं, आणि तिथंच थांबलं.
आडनाव सापडलं, नाव नाही.

शनिवारी गोकुळपेठेत सुगरताबाई मसराम
चारोळी, बेहडा, मोहफुलं मांडून बसते.
तिनं पानाकडे पाहिलंही नाही.
डहाळी फिरवली, नखानं साल खरवडली,
आत पिवळं निघालं, तिनं वास घेतला.
"भेरा हाय.
आमी याची फांदी रोवतो धानाच्या बांधीत,
किड्यायले सोसत नाही वास."
मग माझ्याकडे, डहाळीकडे, परत माझ्याकडे.
"तू कुठली वो?"
"इथलीच."
"मंग?"

मंगला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पन्नास ग्रॅम चारोळी घेतली.
घरी कुणी खीर करत नाही.

'इतर' दाबलं की एक रिकामी चौकट उघडते,
वीस अक्षरं मावतात तिच्यात.
मी दोन टाकली.
हाताला अजून वास होता.

आणि तेव्हा आठवली २२६०.
आणि ३०४७.
दोन्ही तेलंगखेडीच्या रस्त्यावर,
एप्रिलच्या दुपारी, स्कूटी बंद न करता,
सीटवरूनच खाली कोवळी हिरवी नक्षी पाहून
मी लिहिलं होतं: चिंच. चिंच.
प्रकृती बरी, बरी.

सोमवारी कामाच्या आधी तिकडे गेले.
पहिलीचं पान चावलं. आंबट.
चिंचच निघाली, माझा मान ठेवून.
दुसऱ्याच्या फांद्या उंच.
बुंध्यावर माझाच आकडा, माझ्याच हातचा सात,
ओघळून एकासारखा झालेला.
उडी मारली, पोचले नाही.
एक म्हातारे फिरायला निघालेले, थांबून बघत राहिले.
मी स्कूटी बुंध्याला भिडवली, मोठ्या स्टँडवर चढवली,
चपला काढल्या,
आणि सीटवर उभी राहिले.